मधला मजला नेलियाचा

१७ फेब्रुवारी, शनिवार

म्हणे तो घराबरोबरच आलाय! घराबरोबर बॉयलर येतो, खिडक्यांच्या जाळ्या येतात. माणूस कसा येतो? काल सह्या झाल्या, किल्ल्या हातात पडल्या, आणि मग वकील सांगतो की वरच्या मजल्यावर हॅनिगन म्हणून एक म्हातारा राहतो, जुन्या मालकाच्या काळापासून आहे, त्याला असा उठून हाकलता येत नाही. आणि सांगितलं कोणाला? सेराफिमला. पडद्यांच्या कारखान्यात काठ शिवून शिवून बोटं वाकडी झाली माझी, आणि वकील बोलतो माझ्या नवऱ्याशी, कारण नवऱ्याने टाय लावला होता. सेराफिम मान डोलवत बसला. त्याला इंग्रजी माझ्याहूनही कमी येतं.

ते मरू दे. घर माझं झालं. तीन मजले, लाकडी, मागच्या अंगणात द्राक्षाचा वेल. इथे फॉल रिव्हर गावात, बेट सोडून आलेल्या आपल्यातल्या ज्या बाईला थोडी अक्कल आहे तिने असंच घर घेतलंय. मीच उशिरा घेतलं. खालचा मजला आमचा. मधला नेलियाचा. एकुलती एक लेक, जुलैत बाळंत होईल, ती आणि जावई भाड्याच्या खुराड्यात किती दिवस काढणार? वरून त्या मेल्या हॅनिगनला महिन्याभरात घालवायचं आणि एखादं बरं कुटुंब ठेवायचं. वरचं भाडं चांगलं, नेलियाकडून थोडं, की हप्ता आपोआप निघतो. यात न समजण्यासारखं काही नाही.

नियम आजच ठरवले. भाडेकरू म्हणजे भाडेकरू, लाड नाहीत. मी कोणाच्या घरात नाक खुपसणार नाही, कोणी माझ्या घरात खुपसायचं नाही. नेलियाने ईस्टरपर्यंत राहायला यायचं.

नेलियाला अजून सांगितलेलं नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

तळघरात स्टोव्ह बसवला. मोठं टेबल, खुर्च्या, सिंक, सगळं खाली आणलं. खालच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर फक्त दाखवण्यापुरतं. पांढऱ्या टाइल्स, मधोमध काचेच्या वाडग्यात लिंबं, तीही मेणाची. तिथे काय मासे तळायचे? आपल्या सगळ्या बायका तळघरातच रांधतात, तळघरातच जेवतात. वर बसायचं ते पाद्री आला की.

जावई ब्रायनला हे झेपेना. "मग तुम्ही वर कधी असता?"

"झोपायला."

"आणि हा सोफा?"

"त्याला प्लास्टिक आहे."

हसला. अमेरिकन. यांच्याकडे सकाळी थंड दुधात पुठ्ठा भिजवून खातात, आणि हा मला विचारतो.

नेलियाला मधला मजला दाखवला. तिने खिडकी उघडली, बाहेर बघितलं, म्हणाली, "उजेड छान आहे, आई." मी म्हटलं, तुझाच आहे. ती म्हणाली, "बघू."

माझ्या पोटची आहे. तिचं 'बघू' म्हणजे काय ते मला कळतं. कपाटांचं मोजमाप घेणाऱ्याला उद्याच बोलावते.

३ मार्च, रविवार

नणंद आली घर बघायला. ओदिलियाचं तीन मजली घर पलीकडच्या गल्लीत. मधल्या मजल्यावर थोरला मुलगा, वरच्यावर धाकटा, खाली ही राणी. रविवारी दोघी सुना खाली उतरून हिच्यासमोर बटाटे सोलतात. आल्यापासून जिन्याचा कठडा हलवून बघत होती.

म्हणाली, "छान आहे हो. वर परका म्हातारा, मध्ये हवा. तुझी नेलिया कुठे बसवलीस?"

"ईस्टरला येतेय."

"ती म्हणाली तसं?"

"तिने म्हणायची गरज काय?"

"माझ्या मुलांना मी विचारलंच नव्हतं," ओदिलिया म्हणाली. "त्यांची बोचकीच उचलून आणली." आणि माझाच गोड पाव माझ्यासमोर अर्धा संपवला.

ती गेल्यावर त्याच रागात वर गेले हॅनिगनला नोटीस द्यायला. वाक्यं इंग्रजीत पाठ करून गेले होते. त्याने बनियनवर दार उघडलं. खोकत होता, असा की पुढचं वाक्य मला आठवेना. मागे स्टोव्हवर डब्यातलं काहीतरी तापत होतं, वास मेलेल्या मांजराचा. खाली आले आणि पाल्याचं सूप सॉसेज घालून पातेलंभर वर दिलं. घरात तो वास नको म्हणून. पातेलं परत आणायला जाईन तेव्हा सांगेन.

१० मार्च, रविवार

पातेलं त्यानेच आणून दिलं. धुतलेलं. तीन जिने उतरून आला म्हणून पाणी दिलं, तर बसलाच. म्हणाला, "मिसेस एफ, असं सूप माझ्या आईनेसुद्धा केलं नाही." मी म्हटलं, तुझ्या आईला येत नसेल. अजून थोडं खाल्लं. आज सांगायचं राहिलं.

सेराफिमने वेल छाटला. तो कबरस्तानात झाडं राखायला असतो, छाटणी त्याच्या हातची बघावी. पण काड्या फेकायच्या सोडून त्याने त्यांची जुडी बांधली, ओल्या कागदात गुंडाळली, आणि गाडीत घालून निघाला. म्हटलं कुठे? "एकाला हव्यात." कोणाला? "एकाला." हा माणूस असाच लुटवणार सगळं. माझा निळा एप्रनही सापडत नाहीये.

२३ मार्च, शनिवार

मधला मजला भाड्याने आहे का विचारायला दोन नर्स आल्या होत्या. स्वच्छ, अबोल, पगाराचे कागद हातात. म्हटलं, गेला. सोमवारी एक पोस्टमन आला होता, बायको, सासू. म्हटलं, गेला.

सेराफिम म्हणाला, "कोणाला गेला?" उत्तर दिलं नाही. अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही हेही एक नियमात घालायला हवं.

७ एप्रिल, ईस्टर

खूप रांधलं. नेलिया आणि ब्रायन आले. जेवण झाल्यावर नेलियाने नॅपकिनची घडी घातली, परत घातली, आणि म्हणाली, "आई, एक सांगते, ओरडू नकोस. आम्ही वर राहायला येणार नाही."

मी म्हटलं, ओरडतंय कोण?

म्हणाली, "लहानपणी आपण मावशीच्या घरी वर राहायचो, आठवतं? मी अंथरुणात कूस बदलली तरी मावशी खालून झाडूचा दांडा ठोकायची. मी बाथरूमला चवड्यांवर जायचे. मला माझं बाळ चवड्यांवर चालवायचं नाही."

"मी ठोकेन? मी? कधी ठोकलंय?"

ब्रायन छताकडे बघत बसला. तिथे प्लास्टर उडालंय. ते वेगळं. हॅनिगनचा टीव्ही दोन मजले ओलांडून तळघरात येतो, माणसाने काय करायचं?

पहिलटकरणी असंच बोलतात. मी पोटुशी असताना सेराफिमला सोडून कॅनडाला जाणार होते. ईस्टरची मुदत मी आपणहून वाढवली. पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत. मे अखेर. घाई कोणाला आहे?

८ एप्रिल, सोमवार

मधल्या मजल्यावर नव्या कपाटांची ऑर्डर दिली. पाळणासुद्धा. सेराफिम म्हणाला, "थांब जरा." तू थांब. कबरस्तानात सगळे थांबलेलेच असतात, तुला सवय आहे.

२१ एप्रिल, रविवार

हप्ता भागेना म्हणून ओव्हरटाइम मागितला, मिळाला. डोळे चुरचुरतात. काळे पडदे शिवायला आलेत, काळ्यावर काळा दोरा. दुसरी रडली असती. मी रडणाऱ्यातली नाही, विचार करणाऱ्यातली. तर विचार केला.

आम्ही खालच्या मजल्यावर राहतो तरी कुठे? झोपायला जातो. सोफ्यावर कोणी बसत नाही, स्वयंपाकघरात मेणाची लिंबं राहतात. दिवसभर आम्ही तळघरात. मग दोन पलंग खाली आणले, मधे एक पडदा लावला, की झालं. बँकेने म्हटलंय मालकाने घरात राहायचं. तळघर काय घराबाहेर असतं?

म्हणजे खालचा मजला भाड्याने द्यायचा, मधला नेलियासाठी राखायचा. हे कोणा शिकलेल्याला सुचलं नसतं.

सेराफिमने टेबल भिंतीकडे सरकवून बघितलं. मग म्हणाला, "मधला दिला तर खाली राहता येईल."

म्हटलं, मधला नेलियाचा आहे.

"नेलिया म्हणाली ना..."

"काय म्हणाली?"

तो पावाचे चुरे गोळा करायला लागला. बघ, काहीच म्हणाली नाही.

४ मे, शनिवार

खालच्या मजल्यावर मिस लेव्हेक म्हणून शाळामास्तरीण आली. काटकुळी, एकटी, आवाज नाही. नियम समजावले. सोफ्याचं प्लास्टिक काढायचं नाही हाही सांगितला. ती म्हणाली, "पण मी तर माझा सोफा आणतेय." मग माझा सोफा तळघरात आला. प्लास्टिकसकट. त्यावर आता बटाट्याचं पोतं आहे.

९ मे, गुरुवार

ती वर रांधते!

माझ्या पांढऱ्या स्वयंपाकघरात! सकाळी डोक्यावर चर्रर्र आवाज. अंडी तळतेय बया. मी खाली, हातात कप, ऐकतेय. मेणाची लिंबं उचलून कुठे ठेवली असतील देव जाणे.

१४ मे, मंगळवार

मास्तरीण शाळेत गेल्यावर वर जाऊन टाइल्स पुसून आले. माझ्याच टाइल्स. स्टोव्हमागचीही पुसली, तिथे तिचा हात पोचणार नाही. तिला मदतच झाली. लिंबं कपड्यांच्या कपाटात सापडली, जागेवर ठेवली.

१६ मे, गुरुवार

मास्तरणीने कुलूप बदललं. लाज नाही.

२६ मे, पवित्र आत्म्याचा सण

चर्चहून आल्यावर सगळ्यांना सूप, मांस, पाव, पुदिना. आमच्या टेबलाशी ओदिलिया, तिचे दोघे मुलगे, सुना, आणि मेला हॅनिगन. आताशा रोज संध्याकाळी सातला खाली येतो, स्वतःचा चमचा घेऊन. जाताना भांडी घासून जातो. पण नोटीस द्यायची आहेच.

नेलिया आली नाही. फोनवर म्हणाली, "आई, रंग लावतोय, आजच संपवायचंय." मी सगळ्यांना सांगितलं, भाड्याची जागा सोडायच्या आधी रंगवून देतायत, सरळ माणसं आहेत. ओदिलिया म्हणाली, "सोडतायत म्हणजे इथे येतायत?"

"मग कुठे जातील?"

ओदिलियाने सेराफिमकडे बघितलं. सेराफिमने पावाकडे. त्याच्या कानाला पिवळा रंग लागला होता. विचारलं तर म्हणतो, काम होतं. कबरस्तानाच्या फाटकाला पिवळा रंग लावतायत! या गावाला झालंय काय?

मुदत जुलैपर्यंत वाढवली. बाळ घेऊन एकदमच येऊ देत, दोनदा सामान हलवायला नको.

१५ जून, शनिवार

हॅनिगन जेवल्यावर उठला नाही. चमचा पुसत म्हणाला, "मिसेस एफ, गुडघे गेले माझे. मधला मजला रिकामा दिसतो. मी तिथे आलो तर? भाडं वाढवून देईन. आणि वरचा तुम्ही कोणालाही चांगल्या दराने द्या."

मी म्हटलं, मधला गेला.

"कोणी दिसत नाही."

"येतायत."

"बरं," म्हणाला. जिना चढताना ऐकलं, दर तिसऱ्या पायरीला थांबत होता. इतके गुडघे दुखतात तर जागा सोडायची. मी अडवलंय?

६ जुलै, शनिवार

मुलगी झाली. काळे दाट केस, नाक माझं. नाव मेगन. ब्रायनच्या आजीचं. माझ्या आईचं नाव यूलालिया, त्याला कोणी विचारलंही नाही. असू दे. वर राहायला आल्यावर मी यूलालियाच म्हणणार, बाळ कशालाही ओ देतं.

इस्पितळात नेलिया म्हणाली, "आई, घरी आल्यावर तू आठवडाभर राहायला येशील ना? आम्ही तुला सगळं दाखवू." मी म्हटलं, तू बाळाला घेऊन माझ्याकडे ये, पाळणा मांडलाय, कपाटं लागली, पडदे मी स्वतः शिवलेत. तिने डोळे मिटले. बाळंतिणीला थकवा असतो.

मी गेले नाही. कारखाना आहे. आणि आता जाऊन काय, महिन्यात इथेच असतील.

११ ऑगस्ट, रविवार

मधल्या मजल्यावर जाऊन खिडक्या उघडल्या, धूळ काढली, पाळण्याची चादर बदलली. उजेड खरंच छान आहे. खुर्चीवर थोडी बसले. तिथून आमचा वेल दिसतो. तळघरातून त्याचा नुसता बुंधा दिसतो.

मास्तरीण दारात भेटली. "वर कोणी राहायला आलं का? पावलं ऐकू आली." म्हटलं, येतायत. ती म्हणाली, "तुमच्या तळलेल्या माशांचा वास माझ्या कपड्यांना लागतो." म्हटलं, तुझ्या अंड्यांचा माझ्या टाइल्सना लागतो.

२५ ऑगस्ट, रविवार

आज बाळाचा बाप्तिस्मा. चर्चनंतर सगळे नेलियाच्या घरी.

नेलियाच्या घरी. शहराबाहेर, एकाच मजल्याचं. वर कोणी नाही, खाली कोणी नाही, तळघरही नाही. सरळ जमिनीवर बसवलंय, बुटांच्या खोक्यासारखं. बाहेरून पिवळं.

मी गाडीतून उतरले आणि तो पिवळा बघितला, आणि सेराफिमचा कान बघितला.

मागे अंगणात लाकडी मांडव. त्यावर माझ्या वेलाच्या काड्या, हातभर फुटलेल्या, पानं आलेली. प्रत्येक काडी बांधलेली निळ्या चिंध्यांनी. माझा एप्रन. सेराफिम मांडवाखाली जाऊन उभा राहिला, एक गाठ सैल केली, परत बांधली. इतका सरळ उभा मी त्याला आमच्या लग्नातही बघितला नव्हता.

नेलिया म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगितलं नाही?"

तो म्हणाला, "सांगणार होतो."

"आई, मी तुला ईस्टरला सांगितलं. फोनवर सांगितलं. आमच्या घराच्या सह्या झाल्या तेव्हा सांगितलं. इस्पितळात सांगितलं."

मी म्हटलं, तू रंगाचं सांगितलंस.

ओदिलियाच्या सुना एकदम बशा गोळा करायला लागल्या. मी तमाशा केला नाही. जेवले. नेलिया तिच्या त्या एकुलत्या एक स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर मासे तळत होती, भिंतीवर तेल उडत होतं. मी फडकं घेतलं आणि पुसायला लागले. तिने हात धरला. "राहू दे, आई. असं असतं." मग हळू म्हणाली, "मधला मजला भाड्याने देऊन टाक. नाहीतर तूच राहा ना तिथे. उजेड आहे. किती दिवस जमिनीखाली राहणार?"

मी? तिच्या मजल्यावर?

घरी येताना सेराफिम गाडीत म्हणाला, "इल्दा, तिच्या अंगणात ऊन चांगलं आहे." मी तोंड खिडकीकडे केलं ते घर येईपर्यंत.

२६ ऑगस्ट, सोमवार

रजा टाकली. डोकं दुखतंय.

तळघरात बसून सगळं ऐकू येतं. मास्तरीण शाळा उघडायची म्हणून कपाटं लावतेय, इकडून तिकडे, टाच आपटत. तिच्यावर काही नाही. त्याच्यावर फार लांब हॅनिगनचा टीव्ही. मधे एक मजला गप्प. झाडू घेऊन ठोकलं. का, मलाच माहीत नाही. मास्तरणीने वरून टाच आपटून परत ठोकलं. माझ्याच घरात, मालकिणीच्या डोक्यावर.

सातला हॅनिगन उतरला, चमचा घेऊन. तीन जिने, बराच वेळ लागला. ज्या खुर्चीवर मी नेलियाला बसवायचं ठरवलं होतं तिच्यावरच बसतो, पहिल्या दिवसापासून, कोणी सांगितलेलं नसताना. म्हणाला, "आज फारच गप्प आहात, मिसेस एफ." आणि माझ्या ताटात पाव वाढला. या महिन्याअखेर याला नोटीस द्यायचीच.

तो गेल्यावर सेराफिमने परत काढलं. मधल्या मजल्यावर आपणच जाऊ, नाहीतर म्हाताऱ्याला दे, पायऱ्या कमी होतील त्याच्या. म्हटलं, फोन उचल. तुझी लेक तुझं ऐकते ना, वेल लावतोस ना तिच्या अंगणात, मग मी सांगते तेच तिला सांग, शब्दाला शब्द. पाळणा मी हलवलेला नाही. कपाटांचे दरवाजे एकदाही उघडलेले नाहीत. ते पिवळं घर विकायचं तर विका, वेल परत आणा, मला त्याचं काही नाही. पुढच्या सोमवारी सुट्टी आहे, कोणाला काम नाही, सबब नाही. त्या दिवशी दुपारी जेवायच्या आधी मला सांगायचं, मधल्या मजल्यावर येताय की नाही. याआधी दिलेलं उत्तर मी धरत नाही. सोमवार. दुपार. हो की नाही.